कढीपत्त्याच्या कुंडीतला महिना

कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पाने कडेने कुरतडलेली दिसली की बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो फवारणीचा. तो अमलात आणण्यापूर्वी पानांची वरची बाजू नीट न्याहाळावी. तिथे तपकिरी-पांढरे असे काही चिकटलेले असेल, जे पाहताक्षणी पक्ष्याची ओली विष्ठा वाटावी, आणि दुसऱ्या दिवशी तेच दोन बोटे सरकलेले आढळले, तर ती ‘कॉमन मॉरमॉन’ या फुलपाखराची अळी असण्याची शक्यता मोठी आहे. (‘लाइम’ फुलपाखराची लहान अळीही अशीच दिसते, त्यामुळे या टप्प्यावर नाव निश्चित करण्याची घाई करू नये.)

गॅलरीतले हे एकच झाड साध्या मोबाइलने महिनाभर टिपत राहणे, हे वन्यजीव छायाचित्रणाचे उत्तम शिक्षण आहे असे माझे मत आहे. अभयारण्यात एखादा प्राणी आपल्याला काही क्षणांपुरता दिसतो. इथे मात्र तोच जीव रोज, त्याच पानावर, आपल्या डोळ्यांसमोर बदलत असतो.

मादी लिंबू कुळातल्या झाडांच्या कोवळ्या पानांवर जेमतेम एक मिलिमीटरचे, फिकट पिवळे, गोल अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत चार वेळा कात टाकते. पहिल्या चार अवस्थांत ती विष्ठेसारखी दिसते आणि पानावर उघड्यावर बसूनही पक्ष्यांच्या नजरेतून सुटते. चौथ्यांदा कात टाकल्यावर मात्र ती एकदम हिरवीगार होते, आणि तिच्या फुगीर खांद्यांवर डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. आकार वाढल्यावर विष्ठेचे सोंग फारसे पटण्याजोगे राहत नाही, म्हणून पानांच्या रंगात मिसळणे अधिक सोयीचे ठरत असावे. हा बदल घडवणारी यंत्रणा याच गटातल्या एका आशियाई फुलपाखरावर जपानी संशोधकांनी शोधून काढली आणि २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली: चौथ्या अवस्थेत ‘ज्युव्हेनाइल हार्मोन’ या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि त्यामुळे पुढच्या कातेवरची नक्षी ठरते. रोज एक छायाचित्र काढणाऱ्याला या बदलाची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही रूपे एका दिवसाच्या अंतराने मिळू शकतात.

छायाचित्र काढताना खरी अडचण येते ती जवळच्या अंतराची. वस्तू जितकी जवळ तितका स्पष्ट दिसणाऱ्या भागाचा थर पातळ होत जातो, आणि अगदी जवळून तो काही मिलिमीटरच उरतो. म्हणून मोबाइल अळीच्या शरीराला समांतर धरावा, म्हणजे डोके आणि शेपटी दोन्ही त्या थरात येतात. फार जवळ गेल्यास मोबाइलला स्पष्टता साधता येत नाही. त्यापेक्षा थोडे मागे सरून दुप्पट झूम वापरणे बरे. मोबाइलचा फोकस अळीऐवजी मागच्या भिंतीवर स्थिरावत असेल, तर पानामागे तळहात धरावा. सकाळचा सावलीतला उजळ प्रकाश पुरेसा असतो, फ्लॅशची गरज पडत नाही. एका चित्रात पानाशेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवली तर वाढीचा हिशेबही ठेवता येतो.

अळीला स्पर्श झाला की डोक्यामागून लालसर, दुशिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्यासाठी तिच्याकडे असलेले हे साधन आहे. केवळ त्याच्या चित्रासाठी अळीला काडीने डिवचणारे अनेक जण असतात, आणि मला ते मुळीच मान्य नाही. कात टाकण्यापूर्वी ती दिवसभर निश्चल बसते. तेव्हा तर पानालाही हात लावू नये.

पुढे अळी शेपटीकडून रेशमाने फांदीला चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि कोष बनते. कोष हिरवा किंवा तपकिरी असतो. साधारण दहा दिवसांनी त्याचे आवरण पारदर्शक होऊन आतल्या पंखांचे रंग दिसू लागले की दुसऱ्या दिवशी पहाटेपासूनच लक्ष ठेवावे.

बाहेर आलेली मादी असेल तर ओळखीचा प्रश्न खरोखर रंजक होतो. या जातीच्या माद्या भारतात तीन रूपांत आढळतात: एक नरासारखी, दुसरी ‘कॉमन रोझ’सारखी आणि तिसरी ‘क्रिमसन रोझ’सारखी. ही दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरे ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि तिच्यातले विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांना टाळतात. मॉरमॉनची त्यांच्यासारखी दिसणारी मादी विष नसताना त्याच दहशतीचा लाभ घेते. या वेगवेगळ्या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले होते. त्यामागे ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक आहे, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. लिंगभेदाशी संबंधित असलेले हे जनुक इथे पंखांच्या नक्षीचाही कारभार पाहते. आपल्याला मात्र फरक ओळखायला जनुकाची गरज नाही: ‘रोझ’चे धड लाल असते, मॉरमॉनचे काळे. म्हणून पंख उघडे असतानाच्या देखण्या चित्राबरोबर धडाचे बाजूने घेतलेले एक चित्रही हवेच.

अशी मालिका तारीख, वेळ आणि झाडाच्या नावासह ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ या निसर्गनिरीक्षणे नोंदवण्याच्या संकेतस्थळांवर ठेवता येते, घराचा नेमका पत्ता उघड होणार नाही एवढी काळजी घ्यावी. कधी कोषातून फुलपाखरू बाहेर येतच नाही. आवरणाला एक बारीक भोक दिसते आणि इवल्या काळपट गांधीलमाश्या बाहेर पडतात, ज्यांच्या आईने कोष ताजा आणि मऊ असताना त्यात अंडी घातलेली असतात. त्या भोकाचे चित्रही नाणे शेजारी ठेवून, त्याच काळजीने काढावे आणि त्याच मालिकेत ठेवावे.