अनेक अभ्यासांचे मध्यक एकत्र करताना: एका सांख्यिकी अडचणीची पार्श्वभूमी

खोकला सुरू झाल्यापासून क्षयरोगाचे औषध सुरू होईपर्यंत भारतातल्या रुग्णाचे किती दिवस जातात? देशातले वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१४ सालच्या एका आढाव्याने याचे उत्तर ५५.३ दिवस असे दिले. हा आकडा सरासरी नसून मध्यक आहे, म्हणजे सगळी मूल्ये चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य, आणि तसाच असायला हवा. समजा पाच रुग्णांना ५, ८, १२, २० आणि १५० दिवस लागले. सरासरी येते ३९ दिवस, मध्यक १२. पाचांपैकी चौघांचे औषध वीस दिवसांच्या आत सुरू झालेले असताना ३९ हा आकडा कोणाचीच गोष्ट सांगत नाही. म्हणून आजाराचे निदान, रुग्णालयातला मुक्काम, उपचाराचा खर्च अशा बाबतींत संशोधक मध्यक आणि चतुर्थके (क्रमाने लावलेल्या मूल्यांचे चार समान भाग करणारी मूल्ये) छापतात. ते योग्यच करतात. अडचण येते ती असे वीस-पंचवीस अभ्यास एकत्र करणाऱ्याला.

अनेक अभ्यासांचे निष्कर्ष असे एकत्र करण्याला मेटा-ॲनालिसिस हे नाव संख्याशास्त्रज्ञ जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिले. १९८६ मध्ये डेरसिमोनियन आणि लेर्ड यांची पद्धत आली आणि वैद्यकशास्त्रात ती सर्वत्र रुजली. तिला प्रत्येक अभ्यासाकडून दोन गोष्टी लागतात: एक अंदाज आणि त्या अंदाजाचे प्रचरण, म्हणजे तो किती डळमळीत आहे याचे माप. प्रचरण जितके कमी, तितका एकत्रित उत्तरात त्या अभ्यासाला भार (वजन) जास्त. सरासरीसोबत प्रमाण विचलन (मूल्ये सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) दिलेले असले की हे सहज निघते. मध्यकासोबत मात्र ते क्वचितच मिळते. मग असे अभ्यास वगळले जात. माझ्या मते हे सर्वांत घातक होते, कारण ज्यांच्या आकडेवारीत मोठी विषमता होती, नेमके तेच अभ्यास बाहेर पडत.

२००५ मध्ये होझो, जुल्बेगोविच आणि होझो यांनी वाट काढली. किमान मूल्य, दुप्पट मध्यक आणि कमाल मूल्य यांची बेरीज करून चारने भागा, की सरासरीचा अंदाज मिळतो. नमुना, म्हणजे अभ्यासातल्या रुग्णांची संख्या, पंचविसाहून मोठा असेल तर मध्यक हाच सरासरीचा अंदाज म्हणून चालेल. सूत्र हाताने करता येण्याजोगे होते, म्हणून झपाट्याने पसरले. पण नमुना वाढला की किमान आणि कमाल मूल्ये आणखी दूर सरकतात, याचा हिशेब त्यात ढोबळ टप्प्यांनीच होता. २०१४ मध्ये वान, वांग, लिऊ आणि टाँग यांनी नमुन्याचा आकार थेट सूत्रात आणला आणि चतुर्थकांसाठीही सूत्रे दिली. मोठ्या नमुन्यात पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातले अंतर १.३५ ने भागले की प्रमाण विचलन मिळते, हा त्यांतल्या हिशेबाचा सोपा अवतार. २०१८ मध्ये लुओ आणि सहकाऱ्यांनी सरासरीच्या अंदाजासाठी सर्वोत्तम भार काढले.

या सुधारणा मोलाच्या आहेत. तरी त्यांच्या तळाशी एक विसंगती उरते. प्रमाण विचलनाची ही सूत्रे मूळ आकडेवारी नॉर्मल वितरणातली, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकारात सारखी पसरलेली, आहे असे धरतात. ती तशी असती तर संशोधकाने बहुधा सरासरीच छापली असती! मध्यक छापला जाणे हीच अनेकदा वितरण एका बाजूला कलल्याची खूण असते.

मॅकग्रा, स्टील, बेनेडेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून प्रश्न उलटा धरला: रूपांतर कशाला, मध्यकच एकत्र करू. सर्वांत साधा मार्ग म्हणजे मध्यकांचा मध्यक, हवा तर नमुन्याच्या आकारानुसार भार देऊन. टोकाच्या आकड्यांनी तो सहसा डळमळत नाही, पण अभ्यासाअभ्यासांमधली तफावत किती हे तो मोजत नाही. दुसरा मार्ग फ्रेंच गणिती लाप्लासच्या काळापासून माहीत असलेल्या गुणधर्मावर उभा आहे: मोठ्या नमुन्यात मध्यकाचे प्रचरण हे मध्यकाजवळ वितरण किती दाट आहे यावर अवलंबून असते. ही दाटी कळण्यासाठी छापलेल्या चतुर्थकांवर नॉर्मल, तसेच एका बाजूला कललेली लॉगनॉर्मल, गॅमा, वायबुल अशी वितरणे बसवून पाहायची आणि सर्वांत जुळणारे निवडायचे. प्रचरण हाती आले की डेरसिमोनियन-लेर्डसारखी नेहमीची यंत्रणा मध्यकांनाही लागू होते. दोन गटांच्या मध्यकांतला फरकही याच वाटेने एकत्र करता येतो.

आकडेवारी खरोखर नॉर्मल असेल तर सरासरीत रूपांतर करणाऱ्या पद्धतीच सरस ठरतात. म्हणून आढावा घेणाऱ्याने आधी प्रत्येक अभ्यासातला मध्यक दोन्ही चतुर्थकांच्या मधोमध आहे की एकीकडे सरकलेला आहे हे पाहावे, आणि मगच पद्धत ठरवावी.