थंडीत हायब्रीडचं ॲव्हरेज का पडतं?

डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांच्या मालकांची एक तक्रार हमखास कानावर येते : दिवाळीपर्यंत छान ॲव्हरेज देत होती, आता काय झालं? त्यावर उत्तरही तयार असतं, ‘बॅटरी गारठली असणार.’ कोल्हापूरच्या थंडीपुरतं तरी हे उत्तर चुकीचं आहे. इथं पहाटे पारा बहुतेक वेळा १४-१५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ३० पर्यंत चढतो. शून्याखालच्या थंडीत हायब्रीडची बॅटरी खरोखर मंदावते. ब्रेक लावताना तयार होणारी वीज तिला नीट साठवून घेता येत नाही. पंधरा अंशांना मात्र तिचं फारसं काही बिघडत नाही. जास्तीचं पेट्रोल जातं ते मुख्यतः इंजिन तापवण्यात.

साध्या पेट्रोल गाडीलाही थंडी बाधते, पण हायब्रीडला जास्त. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे पाहा. पारा २५ अंशांवरून उणे ७ वर आला की शहरात साध्या गाडीचं मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटतं, हायब्रीडचं ३० ते ३४ टक्क्यांनी. आपल्याकडं तेवढी थंडी नाही, त्यामुळं घटही तेवढी नाही. पण कारण तेच आहे, आणि मला ते फार विलक्षण वाटतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास कामाला लावणारी इंजिनं आज हायब्रीडमध्ये आहेत. इंजिन जितकं काटकसरी, तितकी वाया जाणारी उष्णता कमी. आणि थंडीत इंजिनाला तापायला नेमकी तीच उष्णता हवी असते. वर हायब्रीडचं इंजिन सिग्नलला, उताराला, गर्दीत आपोआप बंद होतं आणि पुन्हा निवायला लागतं.

टोयोटानं या अडचणीवर दोन वेगवेगळे उपाय करून पाहिले. १९९७ साली जपानमध्ये आलेल्या प्रियसच्या दुसऱ्या पिढीत, अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना चक्क एक थर्मास बसवला होता. गाडी बंद केली की तीनेक लिटर गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) त्यात जाऊन राहायचं आणि पुढच्या वेळी गाडी सुरू करताना तेच इंजिनात सोडलं जायचं. २००९ च्या तिसऱ्या पिढीत थर्मास गेला. त्याऐवजी सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुराची उष्णता कूलंटला द्यायची सोय आली.

गार इंजिनाचं एवढं काय बिघडतं? पहिलं म्हणजे तेल. हायब्रीडमध्ये ०डब्ल्यू-२० सारखं पातळ तेल असतं, तरी पंधरा अंशांना ते शंभर अंशांच्या मानानं दसपटीहून जास्त दाट असतं. थंडीत बरणीतली काकवी ओतताना जसा वेळ लागतो, तसं हे तेल पिस्टनला आणि बेअरिंगला अडवत राहतं. दुसरं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही. काही भाग सिलिंडरच्या गार भिंतीला चिकटतो, म्हणून इंजिनाचा संगणक जादा पेट्रोल सोडतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. आपल्याच जिल्ह्याच्या उसातून येणारं हे इंधन आहे. त्याचा हा स्वभाव आपल्याला ठाऊक असायला हवा.

तिसरं कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल यांचा बंदोबस्त करणारा हा भाग अडीचशे-तीनशे अंशांना तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून बॅटरी भरलेली असली तरी सकाळी इंजिन सुरू होतंच. ते कन्व्हर्टर तापवत असतं. या काळात बाहेर पडणारा धूर हा सगळ्या प्रवासातला सर्वांत घाणेरडा धूर. हिवाळ्यात सकाळी गार हवा जमिनीलगत कोंडून राहते, आणि शाळेच्या फाटकासमोर मुलं तीच हवा घेतात. प्रश्न नुसता पेट्रोलच्या पैशांचा नाही.

आता राजारामपुरीतून सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणारी गाडी घ्या. तीन-चार किलोमीटरचं अंतर. इंजिन कुठं तापतंय तोवर तलाव येतो. घरी परत. तासाभरानं मुलांना शाळेत सोडायला पुन्हा बाहेर. दुपारपर्यंत गाडी उभी. संध्याकाळी कपिलतीर्थ मार्केटला भाजी आणायला परत गार इंजिन. अशा गाडीनं दिवसात फार तर पंधरा किलोमीटर कापले असतील, पण त्यातले निम्मे तापण्यातच गेले. हीच कामं एका फेरीत ओवली, आणि सगळ्यांत लांबचं काम आधी घेतलं, तर इंजिन एकदाच तापतं. मधल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या थांब्यात ते पूर्ण निवत नाही. माझ्या मते कोल्हापुरात ॲव्हरेज सुधारण्याचा याहून मोठा उपाय नाही. आणि रंकाळ्याला फिरायलाच जायचं, तर चालत किंवा सायकलीनं जावं.

दारात गाडी उभी करून इंजिन तापवत बसू नये. सुरू करावी आणि पहिले दोन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलका ठेवून चालवावी. चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं. ईव्हीचं (नुसत्या बॅटरीवर चालवायचं) बटण दाबून इंजिन बंद ठेवायचा हट्टही नको. तापायचं काम टळत नाही, नुसतं पुढं ढकललं जातं.

हीटरकडं बहुतेकांचं लक्षच नसतं. ऑटो एसी २५ अंशांवर ठेवलेला असला, तर सकाळी तो थंड हवेऐवजी गरम हवा मागतो. ती उष्णता बहुतेक हायब्रीडमध्ये कूलंटमधून येते, म्हणून सिग्नलला उभं असतानाही इंजिन सुरू राहतं. आपल्या थंडीला स्वेटर पुरतो. हीटर बंद ठेवा, काचेवर वाफ धरली तर मिनिटभर एसी लावा.

टायरमधली कमी हवाही ॲव्हरेज बिघडवते. समजा, दुपारी गोकुळ शिरगावहून आलात आणि पंपावर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून घेतली. त्या वेळी टायरमधली हवा ४५ अंशांना होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती १५ अंशांवर आली की काटा साडेअठ्ठावीसच्या आसपास दिसेल. हवा कुठं गेली नाही, गार झाल्यानं तिचा दाब उतरला. ढोबळ हिशेब असा की दर सहा अंशांना एक पीएसआय कमी. कंपनीनं दारावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा थंड टायरसाठी असतो, तेव्हा हवा सकाळी, घराजवळच्या पंपावर भरावी.

हायवेला हिशेब वेगळा. पुण्याला पहाटे निघालात तर १५ अंशांची हवा दुपारच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा पाच टक्के दाट असते, म्हणजे गाडीला अडवतेही जास्त. तिथं वेग कमी करणं हाच उपाय. शंभरावरून नव्वदवर आलात तर हवेचा अडथळा जवळपास १९ टक्क्यांनी घटतो.

थंड देशांत लोक इंजिन लवकर तापावं म्हणून पुढच्या जाळीत फोम किंवा पुठ्ठा लावतात. इथं ते करू नका. सकाळी थोडा फायदा झाला, तरी दुपारच्या ३० अंशांत, पन्हाळ्याच्या चढाला, त्याच जाळीतून येणाऱ्या वाऱ्यावर रेडिएटर आणि एसी दोन्ही अवलंबून असतात.

एवढं सगळं पाळूनही, भर दुपारी, तासभर चालवल्यावरसुद्धा ॲव्हरेज सुधारत नसेल, तर दोष थंडीला देऊ नका. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडं सोडणारी झडप, उघडाच अडकला असला तर कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाला पुरेसं तापूच देत नाही. असा संशय आला की गॅरेजमध्ये कूलंटचं तापमान स्कॅनरवर बघायला सांगा; इंजिन तापल्यावरही आकडा ८० अंशांच्या बराच खाली रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट तपासून घ्यावा.