ओकची पालवी दाटण्याआधी

एप्रिल संपत आला की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. उंच झाडांचे उघडे बुंधे आणि त्यांच्या पायाशी नजर पोचेल तिथवर निळी-जांभळी फुलं. खालचे प्रश्नही ठरलेले असतात: ही बाग कोणाची? लावली कधी? तिकीट किती? मग भारतातून आईबाबा आले की जूनच्या शेवटी गाडी काढून तिथे जायचं ठरतं, आणि पोचल्यावर हिरव्या अंधाराखेरीज काही दिसत नाही. फुलं नाहीत, त्यांची पानं नाहीत, पक्षीसुद्धा गप्प.

ही बाग कोणी लावलेली नाही. वेल्समधल्या जुन्या पानझडी जंगलात ब्लूबेल नावाची ही कंदवर्गीय वनस्पती आपली आपण वाढते. जुनं म्हणजे किती, याची तिथली व्याख्या नेमकी आहे: इसवी सन १६०० पासून सलग जंगल राहिलेली जागा. ब्लूबेलचं बी जड असतं, ते आईजवळच पडतं. त्यामुळे ती वर्षाला काही सेंटीमीटर एवढ्याच वेगाने पसरते, आणि बी रुजल्यापासून पहिलं फूल येईपर्यंत साधारण पाच वर्षं जातात. डोंगरउतारभर पसरलेला निळा पट्टा दिसला, तर तिथली माती अनेक शतकं नांगराखाली गेलेली नाही, असं बहुतेक वेळा धरायला हरकत नाही.

शाळेत आपण शिकलो ते पानझडी जंगल मेळघाटचं किंवा ताडोब्याचं. तिथे साग पानं गाळतो तो पाणी वाचवायला, कारण पुढचे चार-पाच महिने पाऊस नसतो. वेल्समध्ये पाऊस बारा महिने पडतो. तिथला ओक पानं गाळतो ते हिवाळ्यात पान पोसणं परवडत नाही म्हणून. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य दुपारीही क्षितिजापासून १५ अंशांच्या आसपास, त्यात थंडी. एवढ्या प्रकाशात पान जे कमावणार त्यापेक्षा गारठ्याने आणि वाऱ्याने होणारं नुकसान जास्त. दोन्ही जंगलांत झाडं बोडकी असतात तेव्हा जमिनीवर भरपूर प्रकाश पोचतो, पण ताडोब्यात त्या वेळी पाणी नसतं आणि वेल्समध्ये ऊब नसते. पुढची सगळी गोष्ट या ऊब नसण्याभोवती फिरते.

आधी प्रकाशाचं गणित. वेल्समधलं क्रिकहॉवेल हे गाव सुमारे ५२ अंश उत्तरेला आहे. १ मार्चला तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असतो (मुंबईत त्याच दिवशी ६३ अंशांवर). १ मेपर्यंत तो ५३ अंशांवर जातो आणि दिवस पंधरा तासांचा होतो. म्हणजे मार्चपासून आभाळातला प्रकाश झपाट्याने वाढत असतो आणि ओक अजून झोपलेलाच असतो. त्याच्या पालवीच्या कळ्या एप्रिलच्या उत्तरार्धात उमलू लागतात आणि मेच्या मध्याला वरचं पानांचं छत भरत येतं. छत मिटलं की जमिनीवर उघड्यावरच्या प्रकाशाचा दहावा हिस्सादेखील मुश्किलीने पोचतो. पान श्वसनात साखर जाळतं आणि प्रकाशसंश्लेषणाने साखर बनवतं. ही दोन खाती जिथे बरोबरीत येतात त्या प्रकाशाच्या खाली गेलं की पान नुसता खर्च करत राहतं. इंग्लंडमध्ये ब्लॅकमन आणि रटर यांनी १९४० च्या दशकात ब्लूबेलचं जगणं आणि जंगलातला प्रकाश यांचा संबंध मोजमापं घेऊन तपासला होता. ब्लूबेलची वर्षभराची कमाई फेब्रुवारी-मार्च ते मे एवढ्याच काळात व्हायची असते. जूनअखेर तिची पानं पिवळी पडून लोळतात आणि जुलैत वाळक्या दांड्यांवर बियांच्या बोंडांशिवाय काही उरत नाही.

पण मार्चमधली माती पाच-सात अंश सेल्सियसच्या आसपास असते. या थंडीत गवतसुद्धा फारसं वाढत नाही. मग ब्लूबेलची पानं वीतभर लांब होतात कशी?

वनस्पतीची वाढ म्हणजे दोन वेगळी कामं. एक, पेशींचं विभाजन: एकाच्या दोन, दोनाच्या चार. दुसरं, झालेल्या पेशीचं लांब-रुंद होणं. विभाजनाआधी पेशीला आपल्या सगळ्या डीएनएची प्रत काढावी लागते, मग गुणसूत्रं वेगळी करून मधे भिंत घालावी लागते. ही विकरांची (एन्झाइम्सची) कामं आहेत, आणि थंडीत विकरं मंदावतात. वीस अंशांना जे एका दिवसात होतं त्याला पाच अंशांना कित्येक पट वेळ लागतो. पेशी मोठी होण्याचं काम मात्र बरंचसं पाण्याच्या दाबावर चालतं. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची पिशवी असते. तिच्यात साखर आणि क्षार साठले की परासरणाने पाणी आत येतं, दाब वाढतो, थोडी सैल पडलेली पेशीभित्ती ताणली जाते आणि पेशी लांबते. थंडीचा फटका यालाही बसतो, पण विभाजनाच्या मानाने फारच कमी.

ब्लूबेल ही दोन कामं वेगवेगळ्या ऋतूंत उरकते. वर ओकच्या सावलीत काहीच दिसत नसतं तेव्हा, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) आणि शरदाच्या सुरुवातीला, जमिनीखालच्या कंदात पुढच्या वर्षीची पानं आणि फुलांचा दांडा तयार होत असतो. पेशींची संख्या तेव्हाच, उबेत, भरली जाते. शरदात मुळं फुटतात, हिवाळाभर कोंब मातीतून हळूहळू वर सरकतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पानांची टोकं पालापाचोळा भेदून बाहेर येतात तेव्हा करायचं उरतं ते मुख्यतः पाणी भरण्याचं काम. भाजणी श्रावणातच दळून ठेवली की ऐन दिवाळीत नुसती भिजवून चकल्या पाडायच्या, तसं.

याचा एक मजेदार धागा डीएनएच्या प्रमाणाशी जाऊन मिळतो. ब्लूबेलच्या एका पेशीकेंद्रकात माणसाच्या पेशीच्या कित्येक पट डीएनए असतं. ती माणसापेक्षा गुंतागुंतीची आहे असा याचा अर्थ नाही. यातलं बरंचसं डीएनए पुन्हा पुन्हा तेच असतं. शेफील्डचे परिस्थितिकीतज्ज्ञ जे. पी. ग्राइम आणि त्यांचे सहकारी मोफर्थ यांनी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या वनस्पतींची तुलना करून दाखवलं की वसंतात लवकर वाढणाऱ्या जातींमध्ये डीएनएचं प्रमाण जास्त असतं आणि उशिरा, उबेत वाढणाऱ्यांमध्ये कमी. डीएनए जास्त तर प्रत काढायला वेळ जास्त, त्यामुळे विभाजन सावकाश; पण पेशीही मोठी होते, आणि मोठी पेशी पाण्याने फुगवली की थोड्या पेशींत लांब पान मिळतं. विभाजनाची घाईच नसलेल्या वनस्पतीला हा सौदा परवडतो. घाई असलेल्या, उन्हाळ्यात भराभर पेशी पाडून वाढणाऱ्या तणांना तो परवडत नाही. इथे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, यावर अजून वाद होऊ शकतो, पण ताळा बसतो एवढं खरं.

आता पायवाट सोडून फुलांत उभं राहून फोटो काढण्याबद्दल. ब्लूबेलचा कंद वर्षानुवर्षं थर चढवत नाही. तो दरवर्षी पूर्णपणे नव्याने बनतो, त्याच वर्षीच्या पानांनी कमावलेल्या साखरेतून. एप्रिलमध्ये बुटाखाली पान चिरडलं, तर आधीच बनवून ठेवलेल्या पेशी फुटल्या आणि त्या थंडीत नव्या पाडायची सोय नाही. फूल यंदाही उभं दिसेल, कारण त्याचा खर्च गेल्या वर्षीच्या साठ्यातून झालेला असतो. नवा कंद मात्र बारीक होईल आणि परिणाम पुढच्या वसंतात दिसेल. माती दबली की कोवळी टोकं वर येणंही अवघड होतं. म्हणून नुसती फुलं खुडण्यापेक्षा पानांवर चालणं जास्त घातक. वाट चिखलाची असली तरी चिखलातूनच जावं. कडेकडेने चालल्याने वाट दरवर्षी रुंदावत जाते.

जंगलाचं नाव काढलं की हल्ली झाडं बुरशीच्या धाग्यांतून एकमेकांशी बोलतात, आईझाड पिल्लांना खाऊ पाठवतं, वगैरे ऐकायला मिळतं. ब्लूबेलची मुळं जाड, आखूड, जवळजवळ केशमुळांशिवायची असतात आणि मातीतला फॉस्फरस मिळवायला ती खरोखरच बुरशीवर विसंबून असतात. पण ही बुरशी मुळांच्या पेशींच्या आत शिरणाऱ्या गटातली असते. ओकची बुरशी निराळ्या गटातली, मुळाभोवती बाहेरून म्यान करणारी. म्हणजे ज्या ओकच्या पायाशी ब्लूबेल फुलते त्याच्याशी तिचं या मार्गाने जोडलेलं जाळं असायचा प्रश्नच येत नाही. झाडाझाडांतल्या देवाणघेवाणीबद्दलही, २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या तीन संशोधकांनी उपलब्ध पुरावा तपासून लिहिलं की प्रत्यक्ष जंगलातला आधार प्रचलित दाव्यांच्या मानाने फारच तोकडा आहे. बुरशीचं खरं काम पुरेसं थक्क करणारं आहे, तिला टेलिफोन ऑपरेटर बनवायची गरज नाही.

तशीच एक जुनी समजूत ओक आणि अ‍ॅश या दोन झाडांबद्दलची: ओकला अ‍ॅशच्या आधी पालवी फुटली तर उन्हाळा कोरडा, अ‍ॅशला आधी फुटली तर धो धो पाऊस. पालवीची वेळ मागच्या काही आठवड्यांच्या तापमानाने ठरते, पुढच्या पावसाने नाही. ओक वसंतातल्या उबेला अ‍ॅशपेक्षा जास्त प्रतिसाद देतो, म्हणून उबदार वर्षी तोच पुढे असतो, आणि वसंत एकूणच उबदार होत चालल्यामुळे हल्ली बहुतेक वर्षी ओकच जिंकतो. पाऊस आपल्या जागी पडतोच. अ‍ॅशची पालवी उशिरा येते आणि सावलीही विरळ, त्यामुळे त्याच्याखाली ब्लूबेलला कमाईचे दिवस जास्त मिळतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने ही झाडं मोठ्या संख्येने मरताहेत. मेलेल्या अ‍ॅशखाली फांद्या तुटून पडण्याचा धोका असतो. वाऱ्याच्या दिवशी अशा झाडाखाली डबा उघडून बसू नये.

जायचं कुठे? कार्डिफमध्ये राहणाऱ्यांना शहराच्या उत्तर टोकाचं वेनाल्ट सोयीचं. तिथे बीचची झाडंही पुष्कळ आहेत आणि बीचची सावली ओकपेक्षा गडद, म्हणून लवकर जावं. क्रिकहॉवेलजवळचं कोइड केव्हन हे टेकडीवरचं जंगल असून आत लोहयुगातल्या किल्ल्याचे मातीचे बांध आहेत. पक्षी पाहायचे असतील तर रॅन्डिरमुइनजवळचं दिनास. तिथल्या ओकांत एप्रिलच्या उत्तरार्धात पश्चिम आफ्रिकेहून पाइड फ्लायकॅचर येतो आणि ओकच्या कोवळ्या पानांवरच्या अळ्यांवर पिल्लं वाढवतो. फुलांसाठी साधारण २० एप्रिल ते १५ मे. उंचावर आणि उत्तरेकडे आठवडाभर उशीर. हिवाळा सौम्य गेला तर सगळंच अलीकडे सरकतं.

प्रकाशाची घट फोनने मोजता येते. कॅमेरा प्रो मोडवर ठेवा, आयएसओ १०० वर बांधून टाका, एचडीआर बंद करा. पांढरा कागद जंगलाबाहेर उघड्यावर आडवा ठेवून चौकट कागदानेच भरा आणि योग्य उजेडासाठी लागणारा शटरचा वेळ टिपा. मग तेच झाडांखाली. बाहेर १/१००० आणि आत १/१२५ आलं, तर आत आठवा हिस्सा प्रकाश आहे. चुकतं ते दोन ठिकाणी: कागद उन्हाच्या कवडशात पडतो, किंवा मधल्या वेळात ढग येतो. म्हणून एकसारखं ढगाळ आभाळ असलेला दिवस निवडा आणि आत पाच-सहा जागी मोजून सरासरी काढा. एप्रिलच्या मध्याला आणि मेअखेरीला त्याच जागी मोजलं तर छत मिटणं आकड्यांत दिसतं.

फूल अस्सल की बागेतून निसटलेल्या स्पॅनिश जातीचा संकर, हेही बघून घ्यावं. अस्सल ब्लूबेलचा दांडा एका बाजूला कलतो, घंटा अरुंद, पाकळ्यांची टोकं मागे मुडपलेली, पराग दुधी पांढरा, वास गोड. स्पॅनिश दांडा सरळ, फुलं सगळ्या बाजूंनी, पराग निळसर, पानं रुंद, वास नसल्यातच जमा. शंका आली तर नुकत्याच उमललेल्या फुलातला पराग पाहावा. कंद उपटायचा मोह आवरा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातली कुठलीही वनस्पती उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि वनस्पती विषारीही आहे.

गोचिडी याच दिवसांत सर्वांत जास्त असतात. त्यांची मधली अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी, त्यामुळे सहज नजरेतून सुटते. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडीची आच, पिळणं, यातलं काही नको. त्याने ती पोटातलं रक्तात ओकू शकते आणि लाइम आजाराचा धोका वाढतो. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

आणि झाडंच नसलेल्या ठिकाणी ब्लूबेल दिसली तर गोंधळू नका. पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावरचं स्कोमर बेट जवळपास वृक्षहीन आहे, तरी मेमध्ये त्याचे उतार निळे होतात. तिथे ओकचं काम ब्रॅकन नावाचं उंच नेचं करतं. त्याचे गुंडाळलेले कोंब ओकच्या पालवीहूनही उशिरा उलगडतात, जूनमध्ये छत धरतात आणि स्पर्धक गवताला दाबून ठेवतात. तोवर ब्लूबेलचा पुढच्या वर्षीचा कंद भरलेला असतो.