निद्रेतील स्मृतिदृढीकरण

जागेपणी शिकलेली, अजून कच्ची असलेली आठवण झोपेत पक्की होण्याच्या प्रक्रियेला स्मृतिदृढीकरण म्हणतात. मुळात शिकलेलेच नसेल तर झोप काही पक्के करीत नाही. मोबाईलवर न वाचलेला धडा लावून झोपण्यात अर्थ नाही.

नवी आठवण प्रथम कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात नोंदली जाते. गाढ झोपेत मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सेकंदाला एकापेक्षा कमी आवर्तने असलेली मंद विद्युत लहर उठते. ती चढणीला लागली की मेंदूच्या मध्यभागातील थॅलॅमसकडून 'स्पिंडल' हे लहरींचे झुबके येतात. त्यांची वारंवारता सेकंदाला साधारण 11 ते 16 असते आणि ते अर्धा ते दोन सेकंद टिकतात. त्यांच्या खाचांत हिप्पोकॅम्पसच्या अतिजलद 'रिपल' लहरी बसतात. त्याच सुमारास दिवसा चेतलेल्या पेशी पुन्हा चेततात आणि बाह्यकातले दुवे घट्ट होत जातात. उंदरांच्या मेंदूत अशी पुनरावृत्ती 1994 मध्ये नोंदली गेली. 2007 मधील जर्मन प्रयोगात जोडी जुळवण्याच्या खेळातील पत्त्यांच्या जागा पाठ करताना दिलेला गुलाबाचा वास गाढ झोपेत पुन्हा दिल्यावर जागा अधिक आठवल्या. स्वप्नझोपेत तो देऊन फायदा झाला नाही. तिन्ही लहरींची वेळ जुळावी लागते. उतारवयात ही जुळणी सैल पडते.

निद्राचक्र सुमारे 90 मिनिटांचे असते. गाढ झोप पहिल्या दोन-तीन चक्रांत जास्त, स्वप्नझोप पहाटेकडे. 'बाराच्या आतली झोपच खरी' हा समज मात्र चुकीचा आहे. गाढ झोपेचा हिशेब मुख्यतः डोळा लागल्यापासून सुरू होतो.

सांगलीच्या अभ्यासिकांत परीक्षेआधी रात्र जागून काढणारे दुहेरी तोटा करून घेतात: वाचलेले पक्के होत नाही आणि दुसऱ्या दिवशी हिप्पोकॅम्पस नवे नीट टिपत नाही. संध्याकाळी सातच्या चहातले निम्मे कॅफिन बाराच्या सुमारासही अंगात असते. वाळवा-कराड ऊसपट्ट्यात वीज रात्रीची असली की पोरांना दारे धरायला जावे लागते. सरी भरली की उठून पाणी फिरवायचे, परत आडवे व्हायचे. एकूण तास सहा भरले तरी चक्रे पुरी होत नाहीत. अशा रात्रीनंतर नव्या धड्यापेक्षा उजळणी घेणे बरे.

हाताच्या कौशल्यालाही हेच लागू. मिरजेत सतार शिकणाऱ्याला रात्री अडणारी बोटांची फिरत सकाळी अनेकदा सुटी वाटते. बोटांच्या क्रमावरील प्रयोगांतही मधल्या झोपेनंतर वेग वाढलेला दिसतो आणि त्याचा संबंध काही अभ्यासांत हलक्या झोपेतल्या स्पिंडलशी आढळला आहे.

दुपारची 20 मिनिटांची डुलकी तरतरीसाठी पुरते. पाठांतरासाठी झोपायचे तर 90 मिनिटे द्यावीत. तासाभराने गजर लावला तर गाढ झोपेतून उठून डोके जड होते. उठल्यावर लगेच पेपर सोडवायला बसू नये, अर्धा तास जाऊ द्यावा.