मासेमारी नौकेचा ट्रेलरभार आणि ओढणाऱ्या वाहनाची निवड

लहान मासेमारी नौका ट्रेलरवर चढवून रस्त्याने पाण्यापर्यंत नेताना, इंधन व सामानासह भरलेल्या ट्रेलरचे प्रत्यक्ष वजन आणि तो ओढणाऱ्या मोटारीची क्षमता यांचा मेळ घालण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिका व कॅनडा येथे रुजलेली आहे. तेथील हौशी मच्छीमार नौका घराच्या आवारात ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी ती दूरच्या तलावावर ओढत नेतात. कोकणातील मासेमारी नौका खाडीत किंवा बंदरात नांगरलेल्या असतात, त्यामुळे मराठी माणसाची या प्रश्नाशी गाठ बहुधा तिकडे स्थायिक झाल्यावरच पडते.

निवडीतील बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात: नौकेच्या माहितीपत्रकात छापलेले वजन हेच ओढायचे वजन समजले जाते. ते पुष्कळदा केवळ कोरड्या सांगाड्याचे असते. सुमारे 20 फूट लांबीच्या, फायबरग्लासच्या बास-नौकेचे (बास हा गोड्या पाण्यातील मासा पकडण्याच्या नौकेचे) उदाहरण घेतले, तर सांगाडा साधारण 900 किलोग्रॅमचा असतो. त्यावर 250 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन (नौकेच्या मागे बाहेरून बसवलेले) सुमारे 230, दोन आसांचा ट्रेलर 500, टाकीतील 170 लिटर पेट्रोल 125, चार शिसे-आम्ल बॅटऱ्या 110, पुढच्या टोकावरची, मासे धरताना नौका हळू चालवणारी विजेची ट्रोलिंग मोटर 40 आणि गळ, नांगर, जीवरक्षक जाकिटे व अवजारे मिळून 150 किलोग्रॅमची भर पडते. बेरीज 2,050 किलोग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे छापील आकड्याच्या दुपटीहून अधिक. मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीतील पाणी मात्र या हिशेबात धरायचे नसते. आक्रमक जलचर एका तलावातून दुसऱ्यात पसरू नयेत म्हणून मिनेसोटासारख्या राज्यांत नौका रस्त्यावर आणण्यापूर्वी ते काढून टाकणे आणि तळाचे बूच उघडे ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

दुसरी बाजू वाहनाच्या क्षमतेची. निर्माता जाहीर करतो तो ओढक्षमतेचा आकडा पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवीत असे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2807 या मानकामुळे त्यात एकवाक्यता आली. टोयोटाने 2011च्या मॉडेलांपासून ते प्रथम स्वीकारले आणि इतर मोठे निर्माते नंतर त्यात आले. या मानकातील सर्वांत कठोर कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅम चढावर आधारलेली आहे. हा सुमारे 18 किलोमीटरचा चढ निदान 38 अंश सेल्सिअस उष्म्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो आणि सर्वसाधारण पिकअपचा वेग ताशी 64 किलोमीटरखाली जाऊन चालत नाही. अशा परीक्षेतून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो, पण तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे हेही लक्षात घेतले पाहिजे: हलक्या वाहनात त्या वेळी चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी 68 किलोग्रॅमचे, एवढीच माणसे धरलेली असतात.

याच कारणाने ओढक्षमतेपेक्षा वाहनाची स्वतःची भारक्षमता आधी संपते, आणि निवडीचा खरा निकष बहुतेक वेळा तीच ठरते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर माणसे व सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते. ट्रेलरचे पुढचे टोक हिचवर, म्हणजे वाहनामागे ट्रेलर जोडण्याच्या आकड्यावर, जो उभा दाब देते, तोही या मर्यादेतूनच वजा होतो. समजा, एखाद्या पिकअपची ओढक्षमता 4,000 किलोग्रॅमपेक्षा जास्त आहे, पण पट्टीवर 635 किलोग्रॅम लिहिलेले आहे. वर सांगितलेल्या नौकेचा हिचवरील भार एकूण वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 205 किलोग्रॅम. सरासरी 90 किलोग्रॅमची चार माणसे 360. बर्फपेटी, तंबू व बॅगा 100. बेरीज 665 होते आणि ओढक्षमतेचा निम्मा वापरही झालेला नसताना गाडीवर तीस किलोग्रॅमचा जादा भार पडतो. सुमारे 2,270 किलोग्रॅम ओढक्षमतेच्या मध्यम एसयूव्हीच्या बाबतीत तर दोन्ही मर्यादा जवळजवळ एकदमच येऊन भिडतात. क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ नये, हा जाणत्यांचा प्रघात कायदा नसला तरी पाळण्याजोगा आहे, विशेषतः डोंगराळ भागात, कारण टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर 300 मीटर उंचीमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते.

हिचवरील भार फार कमी ठेवणेही धोक्याचे आहे. तो हलका झाला की वेगात ट्रेलर मागे डावी-उजवीकडे झोलू लागतो. घरगुती कॅम्पिंग ट्रेलरसाठी 10 ते 15 टक्के भार योग्य समजतात. नौकेचे जड इंजिन अगदी मागे असल्याने तिच्या ट्रेलरचे अनेक निर्माते 5 ते 10 टक्के पुरेसे मानतात, तरी पाचच्या जवळ राहणे आपण टाळावे. नौका ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या विंचचा (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा) खांब पुढे सरकवून भार वाढवता येतो. मात्र तसे करताना नौकेच्या मागच्या फळीखाली ट्रेलरचा आधार उरला पाहिजे.

ब्रेकची सक्ती राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात सुमारे 680 किलोग्रॅमपासून, बहुतांश राज्यांत 1,360 किलोग्रॅमच्या आसपास आणि टेक्ससमध्ये सुमारे 2,040 किलोग्रॅमच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. नौकेचा ट्रेलर वारंवार पाण्यात बुडत असल्याने त्यावर विजेच्या ब्रेकऐवजी सहसा सर्ज ब्रेक बसवतात; वाहन मंदावले की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्या रेट्यानेच द्रवदाब निर्माण होऊन ब्रेक लागतात.

रस्त्यावर पुरेसे ठरलेले वाहन धक्क्यावरच्या, नौका पाण्यात उतरवण्याच्या उतरणीवर अपुरे पडू शकते. ही उतरण साधारण 12 ते 15 टक्क्यांची असते आणि तिच्या खालच्या भागावर शेवाळ साचते. नौका वर ओढताना वजन मागच्या चाकांवर सरकते, त्यामुळे केवळ पुढच्या चाकांना गती देणारी गाडी जागीच घसरते. जड नौकेसाठी चारचाकी चालनाचा आग्रह यासाठीच धरला जातो.

अंतिम खात्री वजनकाट्यावरच होते. अमेरिकेतील मोठ्या ट्रक-थांब्यांवर असे काटे असतात. नेहमीची माणसे, भरलेली टाकी आणि सर्व सामान घेऊन आधी ट्रेलरसह आणि मग त्याच स्थितीतील गाडीचे ट्रेलरविना वजन करतात. दोन्ही वेळच्या एकूण वजनांतील फरक म्हणजे ट्रेलरचे पूर्ण वजन, आणि त्यातून ट्रेलरच्या आसांवरील वजन वजा केले की हिचवरील भार मिळतो. जुन्या नौकेसाठी हे तोलणे दर काही वर्षांनी पुन्हा करावे लागते, कारण नौकेच्या आतील जमिनीखाली भरलेल्या, तिला तरंगत ठेवणाऱ्या फोममध्ये पाणी मुरत जाते आणि वरून काहीही न दिसता नौका शेकडो किलोग्रॅमनी जड होऊ शकते.