लहान ऑफिससाठी नेटवर्क आणि सर्व्हर: खरेदीच्या आधी काय ठरवावं

"सर्व्हर कुठला घेऊ?" हा बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो. आमच्या मते तो शेवटी विचारावा. आधी ठरवायचं ते हे: कोणत्या फायली सगळ्यांना लागतात, त्यात बदल कोण करतं, आणि त्या दिवसभर उघडल्याच नाहीत तर कोणतं काम अडेल. एवढं कागदावर उतरलं की यंत्र निवडणं सोपं जातं. ते न ठरवता यंत्र आणलं, तर ते कोपऱ्यात चालू राहतं आणि फायली पूर्वीसारख्याच पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत राहतात. एका कोटेशनच्या चार प्रती होतात आणि शेवटची कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

सर्व्हर की नॅस?

फक्त कागदपत्रं, ड्रॉइंग आणि फोटो एका जागी ठेवायचे असतील तर दोन डिस्कचं नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फायली साठवायची छोटी पेटी, पुरतं. वीज कमी लागते, देखभालही कमी. अकाउंटिंगचं मल्टी-यूजर सॉफ्टवेअर किंवा डेटाबेस चालवायचा असेल तर मात्र खरा सर्व्हर घ्यावा.

कोणाच्या तरी टेबलावरच्या कॉम्प्युटरलाच सर्व्हर करायचा पर्याय स्वस्त वाटतो, पण आम्ही तो सुचवत नाही. त्या टेबलावरचा माणूस संध्याकाळी मशीन बंद करून घरी जातो, अपडेट आला की भर कामात ते रीस्टार्ट होतं. शिवाय विंडोज १० आणि ११ च्या डेस्कटॉप आवृत्त्यांमध्ये एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे.

केबलमध्ये काटकसर नको

कॉम्प्युटर काही वर्षांनी बदलले जातात, भिंतीतली केबल तशीच राहते. म्हणून बजेट तोकडं असेल तर सर्व्हर एक पायरी खालचा घ्या, पण केबल चांगली टाका. कॅट ६, तीही शुद्ध तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला तशीच असते, पण तिचा विद्युत रोध जास्त असतो. कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या यंत्राला) त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर ती अजिबात वापरू नये.

स्विचपासून (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीपासून) कॉम्प्युटरपर्यंतची लांबी, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड म्हणजे जोडणीच्या छोट्या केबल धरून, १०० मीटरच्या आत हवी. विजेच्या वायरिंगला चिकटून समांतर केबल नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

दर टेबलाला दोन पॉइंट, म्हणजे केबल जोडायच्या दोन जागा, धरा. प्रिंटर, ॲक्सेस पॉइंट, कॅमेरे आणि हजेरीचं मशीन मोजायचं हमखास राहून जातं. सगळे मिळून १४ पॉइंट होत असतील तर १६ पोर्टचा नव्हे, २४ पोर्टचा स्विच घ्या.

वेगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण "सर्व्हर स्लो आहे" अशी तक्रार येते तेव्हा दोष अनेकदा केबलच्या टोकाला असतो. केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या ४ जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, एखादी तार नीट बसली नाही तर जोडणी तुटतेच असं नाही. बऱ्याचदा ती १०० मेगाबिटवर उतरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एक जीबीची फाईल जिथे दहाएक सेकंदांत यायला हवी, तिथे दीड मिनिट लागतं. बऱ्याच स्विचवर या दोन वेगांसाठी दिव्याचा रंग वेगळा असतो, त्यामुळे एखादा पोर्ट मागे पडला तर नुसत्या नजरेनेही कळतं. काम संपल्यावर आमच्या माणसाकडून प्रत्येक पॉइंट टेस्टरवर तपासून घ्या आणि दोन्ही टोकांना सारखेच नंबर लावून घ्या.

वाय-फाय मोबाइल, लॅपटॉप आणि पाहुण्यांसाठी ठेवा. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा, म्हणजे त्यांच्या फोनला तुमचा सर्व्हर दिसणार नाही. अकाउंट्सचं मशीन मात्र केबलवरच हवं. नोंद सेव्ह होत असताना वाय-फाय क्षणभर तुटलं तरी काही सॉफ्टवेअरची शेअर केलेली डेटा फाईल बिघडू शकते.

सर्व्हर आणि प्रिंटर यांचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे त्यांचे नंबर) कायमचे बांधून घ्या. नाहीतर राउटर बंद-चालू झाला की प्रिंटर सापडेनासा होतो.

कोणाला काय दिसावं

परवानग्या माणसाच्या नावाने देऊ नका, विभागाच्या गटाला द्या. नवीन माणूस आला की त्याला गटात घालायचं, सोडून गेला की काढायचं, फोल्डरला हात लावायची गरज पडत नाही. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. एकच पासवर्ड सगळे वापरत असतील तर फाईल कोणी पुसली हे कधीच कळणार नाही.

जुन्या स्कॅनरमधून थेट फोल्डरमध्ये स्कॅन यावं म्हणून कधी कधी एसएमबी १, म्हणजे विंडोजची फायली शेअर करायची जुनी पद्धत, चालू करायची मागणी होते. आम्ही ते करत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या एसएमबी १ मधल्या त्रुटीतूनच पसरलं होतं.

बॅकअप

आम्ही सर्वात जास्त आग्रह धरतो तो याचा. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या, म्हणजे रेड १ केलं, की एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. पण तो बॅकअप नव्हे. फाईल चुकून पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. रॅन्समवेअरने कुलूप घातलं तर दोन्हीकडे घातलं जातं.

डेटाच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेत असाल तर तो झाल्यावर डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या आवाक्यात असते. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात, एक ऑफिसात आणि एक बाहेर. कालच्याबरोबर मागच्या आठवड्याची आणि मागच्या महिन्याची प्रतही हवी, कारण बिघाड उशिरा लक्षात येतो.

महिन्यातून एकदा एखादी फाईल बॅकअपमधून परत आणून उघडून पाहा. सॉफ्टवेअरने "बॅकअप यशस्वी" म्हटलं म्हणजे फाईल उघडेलच असं नाही. हे काम एका ठरावीक माणसाच्या नावावर असू द्या.

वीज, जागा आणि बाहेरून काम

सर्व्हर, स्विच आणि राउटर तिन्ही यूपीएसवर हवेत. यूपीएसची डेटा केबल सर्व्हरला जोडून घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. जागा हवेशीर, कोरडी आणि कुलपाची हवी. पँट्रीशेजारी किंवा बंद कपाटात ठेवू नका.

घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, लावा. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, थेट इंटरनेटला उघडून देणं धोक्याचं आहे. तसे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात.

आम्हाला बोलवण्याआधी

ऑफिसचा हाताने काढलेला नकाशा, टेबलांची संख्या, वापरातल्या सॉफ्टवेअरची नावं आणि सध्याच्या डेटाचा एकूण आकार एवढं तयार ठेवा. जागा पाहून आम्ही पॉइंटचा आराखडा देतो, कोटेशन त्यानंतर.

काम पूर्ण झाल्यावर आमच्याकडून केबलचा नकाशा, आयपी पत्त्यांची यादी, लायसन्सची कागदपत्रं आणि सर्व ॲडमिन पासवर्ड सीलबंद पाकिटात मागून घ्या. पासवर्ड मालकाकडेच असायला हवेत, म्हणजे उद्या देखभालीचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरवलं तरी तुमचं अडणार नाही.