कंप, अडखळ आणि सैल तारा

गिटारची तार तीन अर्धस्वर (सप्तकाच्या बारा समान पायऱ्यांपैकी तीन) उतरवली की तिची वारंवारता मूळच्या ०.८४ पट होते. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ताण त्याहून जास्त, ०.७१ पटीपर्यंत उतरतो. म्हणजे त्याच जाडीच्या तारेत बोटाला जवळपास ३० टक्के सूट. ब्रिटिश गिटारवादक टोनी आयोमीला ती हवीच होती. वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं लावलं आणि बारीक तारा चढवल्या. १९७१ पासून काही गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वर खाली लावल्या. टोपणाखाली तारेचा स्पर्श नीट कळत नाही, म्हणून गुंतागुंतीच्या कॉर्डांची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) जागा दोन-तीन तारांच्या जाड कॉर्डांनी घेतली. शिवाय सैल तार मोठ्या पल्ल्याने थरथरते. आघाताच्या क्षणी तिचा स्वर किंचित चढतो आणि मग खाली बसतो. हेवी मेटलचा जड, काळोखा आवाज बऱ्याच अंशी इथून आला, आणि दहाही बोटं शाबूत असलेल्यांनी तो पुढे हौसेने उचलला.

अशा वादकांबद्दल ‘अपंगत्वावर मात’ असं लिहायची आपल्याला सवय लागली आहे. पण इथे मात कशावर झाली? बोटं होती तशीच राहिली; बदलले ते ताण, जाडी आणि कॉर्ड.

पियानोतही हेच दिसतं. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइनसाठी मॉरिस रावेलने केवळ डाव्या हाताचा कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, लिहिला. तो १९३२ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजला. डाव्या हाताचा अंगठा वरच्या स्वरांकडे असतो आणि सगळ्यांत बळकटही असतो, म्हणून मुख्य धून त्याच्याकडे जाते. खर्जाचा स्वर आधी मारून पेडलने धरायचा आणि हात वर झेप घेतो. पेडल लवकर सुटलं तर तळ निघून जातो, उशिरा सुटलं तर दोन कॉर्डांचा चिखल होतो.

अमेरिकन रचनाकार आल्विन ल्युसिए बोलताना अडखळत असे. १९६९ मध्ये त्याने एका खोलीत स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, ते त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केलं, आणि हे चक्र चालू ठेवलं. बोलण्यातली अनियमितता गुळगुळीत करण्याचा हा मार्ग आहे, असं त्या मजकुरातच येतं. यामागे खोलीचा अनुनाद आहे. समोरासमोरच्या भिंतींत ५ मीटर अंतर असेल तर ३४ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या वारंवारता खोलीत बळावतात. एखादा स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा फेरीमागे फक्त २ डेसिबलने वर राहत असला, तरी पंधराव्या फेरीला तो ३० डेसिबलने वर असतो. शब्द विरतात, घंटेसारखे स्वर उरतात. पण बोलण्याची लय पुसली जात नाही. अडखळलेली जागा शब्दांतून निघून तालात जाऊन बसते.

हे कुणालाही करून पाहता येतं. एक मायक्रोफोन, एक स्पीकर, रिकामी कठीण भिंतींची खोली आणि मिनिटभराचा मजकूर पुरतो. प्रत्येक फेरीत सर्वोच्च पातळी कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली ठेवा, नाहीतर फाटलेला आवाज पुढच्या सगळ्या फेऱ्यांत वाढत जातो. पडदे आणि गालिचे असतील तर खोलीऐवजी स्पीकरचाच स्वभाव ऐकू येतो. मायक्रोफोन मध्येच हलवला तर बळावलेले स्वर बदलतात आणि आधीच्या फेऱ्या वाया जातात.

कानांऐवजी त्वचेसाठी रचना करायची तर गणित वेगळं होतं. स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांची होईपर्यंत जवळपास पूर्ण कर्णबधिर झाली होती. ती अनवाणी वाजवते: खर्जाचे स्वर पाय आणि पोटऱ्यांत, वरचे स्वर छाती, मान आणि चेहऱ्यावर ओळखते. त्वचेतले कंपनग्राहक २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असतात. १००० हर्ट्झच्या वर फारसं काही जाणवत नाही. दोन कंपनं वेगळी वाटायला वारंवारतेत साधारण २० ते ३० टक्के फरक लागतो, आणि अर्धस्वराचा फरक आहे जेमतेम ६ टक्के. त्यामुळे शेजारच्या स्वरांचं नक्षीकाम इथे फुकट जातं. फरक लय, कालावधी आणि शरीरावरची जागा यांत ठेवावा लागतो. मंच लाकडी आणि जमिनीपासून उचललेला हवा. काँक्रीटवर कंपन पायापर्यंत फारसं पोहोचत नाही. सलग कंपनाने त्वचा बधिरते, म्हणून विराम ही इथे शारीरिक गरज आहे.

खरी मेख कॅमेऱ्यावर चालणाऱ्या वाद्यांत आहे. अमेरिकन रचनाकार पॉलीन ऑलिव्हेरोस यांच्या पुढाकाराने घडलेल्या ‘ॲडॅप्टिव्ह यूज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट’ या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा चेहऱ्यावरचा एखादा बिंदू, उदाहरणार्थ नाक, टिपतो आणि डोकं किंचित हललं तरी स्वर उमटतो. अशी वाद्यं बसवताना तंत्रज्ञ अनेकदा पहिल्यांदा वादकाच्या शरीराचा कंप गाळून टाकतात. सेकंदाला ३० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ८ चित्रांची सरासरी घेतली, तर ४ ते ६ हर्ट्झचा कंप पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. किंमत मात्र सुमारे ११७ मिलिसेकंद उशिराची असते. एवढ्या उशिरात ताल धरणं फार अवघड. वादक मागे पडतोय असं सगळ्यांना वाटतं, खरं तर मागे पडत असतं सॉफ्टवेअर.

उपाय म्हणजे दोन वाटा वेगळ्या करणं. स्वर सुरू करणारा संकेत सरासरीशिवाय, थेट घ्यावा; पण सुरू होण्याची रेषा आणि थांबण्याची रेषा यांत अंतर ठेवावं. ते कंपाच्या पूर्ण झोक्यापेक्षा थोडं जास्त असावं, नाहीतर एका हालचालीत स्वर चार वेळा फुटतो. आवाजाची पातळी मात्र सरासरीने चालवली तरी बिघडत नाही.

आणि गाळलेला कंप फेकायचा कशाला? मूळ संकेतातून सरासरी वजा केली की मुख्यतः कंप हातात येतो. पाश्चात्त्य पद्धतीने गाणाऱ्या गळ्याचा व्हायब्रॅटो, म्हणजे स्वराची नियमित थरथर, साधारण ५ ते ७ हर्ट्झचा असतो. पार्किन्सनचा विश्रांतीतला कंप ४ ते ६ हर्ट्झचा. इतके शेजारी! तो कंप स्वराच्या उंचीला जोडा. सुरुवातीला पाव अर्धस्वराइतकाच पल्ला द्या, मग वादकाच्या कानाने वाढवा. थकवा, औषधाची वेळ आणि बसण्याची स्थिती यांनुसार हालचालीचा पल्ला तासाभरातही बदलतो, त्यामुळे सकाळी जुळवलेल्या रेषा संध्याकाळच्या कार्यक्रमाला लागू पडतीलच असं नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर हा पल्ला नव्याने मोजावा, आणि मोजताना वादकाला ‘जास्तीत जास्त हला’ असं न सांगता आरामात जमेल तेवढंच हलायला सांगावं.